एव्हान्तियाबाईंचा ‘स’

“हे जरा जपून हाताळ,” असं म्हणत डॉक्टर मानोलिऊंनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला ठसा लेओन्तिनाच्या टेबलावर ठेवला आणि मागचं दार पायानं लोटून घेतलं. “वरची सबंध कवळी करायचीय. कुणाची ते विचारू नकोस.”

“मी कधी विचारते, डॉक्टर?”

“विचारत नाहीस. पण हिची तुला कळल्याशिवाय राहणार नाही. म्हणून आधीच सांगतो, कळली तरी तोंड मिटून ठेव.” ते खिडकीशी गेले, काचेवरचं धुकं बोटानं पुसलं. “पेशंटला स्टेजवर बोलावं लागतं. मोठ्यानं. पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.”

लेओन्तिनाच्या हातातली मेणाची सुरी जागच्या जागी थांबली. डॅन्यूबकाठच्या ब्राइला गावात असं बोलणारी बाई एकच होती.

डॉक्टर गेल्यावर तिनं फडकं सोडलं. दवाखान्याच्या तळघरातली ती खोली, स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत, प्लॅस्टरचा तो कायमचा ओला वास, सगळं नेहमीचंच होतं. इथं पेशंट कधी येत नसत. येत ती त्यांची मापं. गावातल्या निम्म्या लोकांचे जबडे तिच्या हातून गेले होते, पण त्यातलं कुणी रस्त्यात समोर आलं तर तिला ओळखू येत नसे, आणि त्यांना ती. तिनं प्लॅस्टर कालवलं, ठशात ओतलं, टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे काढले. मग हात पुसून नुसती बसून राहिली. प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं. तिनं त्यावर तळवा ठेवला तेव्हा ती ऊब तिच्या हाताला लागली आणि तिला उगाचच वाटलं की ही ऊब प्लॅस्टरची नाही.

साचा सुटा झाला. पांढरी, गुळगुळीत, दात नसलेली हिरडी. टाळूवरच्या बारीक वळ्या, वाळूत पाणी ओसरल्यावर उरतात तशा. याच घुमटाखालून तो आवाज निघत होता. लेओन्तिनानं साचा दोन्ही हातांत धरला आणि खिडकीकडे पाठ केली, जणू कुणी पाहील.

एकोणीस वर्षांची असताना ती पहिल्यांदा नाटकाला गेली होती. लाकडी जिन्यानं वर, अगदी वरच्या मजल्यावर, जिथून नटांची डोकी जास्त आणि चेहरे कमी दिसतात. एव्हान्तिया मावरू तेव्हा तिशीत होत्या. हिरवा झगा घालून त्या पायऱ्या उतरत आल्या, कुणीतरी काहीतरी बोललं आणि त्या मान मागे टाकून मोकळं हसल्या. मान मागे गेल्यामुळे तो चेहरा सरळ वरच्या मजल्याकडे वळला. बस, एवढंच. त्या संध्याकाळी लेओन्तिना ट्राम सोडून नदीकाठानं चालत घरी गेली होती, आणि आईनं नाटक कसं होतं विचारलं तेव्हा “बरं होतं” म्हणून अंथरुणात शिरली होती. बोललं तर काहीतरी सांडेल, असं तिला वाटत होतं.

पुढे आयुष्य जसं जातं तसं गेलं. लग्न ठरलं आणि मोडलं; ठरलेला तो फिटर कॉन्स्तान्साला गेला आणि तिकडचाच झाला. आईचं दुखणं काढलं. प्लॅस्टरनं बोटांची सालं निघत राहिली. पण रविवार आला की लेओन्तिना राखाडी कोट झटकून, केसांना दोन पिना जास्त लावून त्या लाकडी जिन्यानं वर जायची. वर तिच्यासारखीच आणखी दोघं ठरलेली होती. एक साबिना, पोस्टाच्या खिडकीवर बसणारी, जाडजूड, बोलकी. दुसरे स्पिरूकाका. डॅन्यूबवर मोठी जहाजं सांभाळून आत आणणारे वाटाडे होते ते. निवृत्तीनंतर नदीवर जायला मिळेना म्हणून नाटकाला येऊ लागले आणि मग नाटकाचेच झाले. तिघं एकमेकांच्या घरी फारशी जात नसत. पण खेळ संपल्यावर मागच्या दाराशी उभी राहत, बाई बाहेर येत, “आलात का, मंडळी,” म्हणत, आणि तेवढ्यावर आठवडा निघे.

गेल्या हिवाळ्यापासून बाईंच्या बोलण्यात काहीतरी झालं होतं. शब्द येत होते, पण कडा झिजलेल्या नाण्यांसारखे. मग शरदात एक दिवस नाट्यगृहाच्या फलकावरून त्यांचं नाव उतरलं. गावात नाना बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं, दिग्दर्शकाशी वाजलं. कुणी म्हणालं, म्हातारी विसरायला लागली. साबिना मात्र पोस्टाच्या खिडकीतून सगळ्यांना ठासून सांगत होती, “छे हो, त्या अथेन्सला बहिणीकडे गेल्यात. मी स्वतः तार पाहिलीय.”

लेओन्तिनानं त्यावर मान डोलावली होती. आता साचा हातात धरून ती उभी होती, आणि अथेन्सला कुणी गेलेलं नव्हतं.

टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात तिनं परदेशी दातांचा एक संच जपून ठेवला होता. मोत्यासारखे, आत किंचित निळसर झाक असलेले. वर दवाखान्यात काम करणाऱ्या बायका चिडवायच्या, “कुणासाठी ठेवलेस गं? नवऱ्यासाठी?” आईला कवळी केली तेव्हासुद्धा तिनं ते काढले नव्हते. ते तिनं आता काढले. घरी कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं बाईंचा एक जुना फोटो डकवलेला होता, तो सोलून आणला आणि दिव्यासमोर उभा केला. त्या हसण्यावरून तिनं एकेक दात मेणात बसवला. आठवडाभर ती दुसऱ्या कुणाचं काम घेईना. दात बसत गेले तसतसं प्लॅस्टरच्या त्या मुक्या जबड्यातून हिरव्या झग्यातली ती बाई वर येऊ लागली, आणि लेओन्तिनाला घरी जायचं भान राहीना.

कवळी, अजून मेणातलीच, लावून बघायला वर गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ती घेऊन परत खाली आले.

“काय म्हणाल्या?”

“आधी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.” डॉक्टर स्टुलावर बसले. “मग काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, दात फार सुंदर आहेत, डॉक्टर. ज्या मुलीचे आहेत तिला परत करा.”

लेओन्तिनानं कवळी त्यांच्या हातातून घेतली.

“आणि ‘स’ म्हणता येत नाही त्यांना. तोंडात उकडलेला बटाटा धरून बोलल्यासारखं होतंय. चूक माझीही असेल, माप मी घेतलंय. पण हे दात, लेओन्तिना… हे तू कुठं पाहून केलंस?”

तिनं फोटो पुढे केला. डॉक्टर हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. फोटो उलटा करून मागची रिकामी बाजूही त्यांनी पाहिली, मग परत दिला.

“मी तर नाटकाला बायको ओढून नेते तेव्हा जातो आणि दुसऱ्या अंकात झोपतो,” ते म्हणाले. “मला काही त्यांचा आधीचा आवाज आठवत नाही. तू ऐकलायस. बुधवारी त्या येतील तेव्हा तू वर ये. पडद्यामागे बस. त्यांना बोलायला लावतो, तू ऐक आणि काय खरवडायचं ते ठरव.”

“पण त्यांना चालेल?”

“त्यांना सांगतो कशाला?”

बुधवारी लेओन्तिना नाकातोंडावर कापडाची पट्टी आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून पडद्यामागच्या स्टुलावर जाऊन बसली. मांडीवर मेणाची थाळी, हातात सुरी. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. दार वाजलं, कोट काढल्याचा आवाज आला, काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग तो आवाज आला, पण नेहमीचा नव्हे. हातरुमालाआडून येणारा, ओल्या लोकरीसारखा.

“काय म्हणू, डॉक्टर?”

“काहीही म्हणा. जे पाठ असेल ते.”

“पाठ तर पुष्कळ आहे,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, “पडद्यामागे कोण आहे?”

डॉक्टर खाकरले.

“श्वास ऐकू येतोय मला. आयुष्यभर अंधारातल्या लोकांचे श्वास ऐकलेत. या ना बाहेर. प्रेक्षक अंधारात असला तर चालतो, पडद्यामागे असला की नट घाबरतो.”

लेओन्तिना बाहेर आली. खुर्चीत एक लहानखुरी म्हातारी बसली होती. कोपरावर रफू केलेला तपकिरी स्वेटर, पायात दोन जोड मोजे, तोंडावर हातरुमाल. वरच्या मजल्यावरून त्या नेहमी उंच दिसायच्या. डोळे मात्र तेच होते, काळे, आणि समोरच्याचं माप घेणारे.

“हीच तुमची कवळी करते,” डॉक्टर म्हणाले.

“असं. म्हणजे ती सुंदर मुलगी तूच घडवलीस.” बाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हातरुमाल खाली घेतला आणि घडी करून मांडीवर ठेवला. “बघ. तुला बघायलाच हवं.”

ओठ आत वळले होते. गाल बसले होते. नाक आणि हनुवटी जवळ आल्यासारखी दिसत होती. लेओन्तिनानं अशी तोंडं मापांतून हजारदा पाहिली होती, पण हे पाहताना तिचे डोळे आधी बाजूला वळले आणि मग तिनं ते ओढून परत आणले. तीस वर्षं उराशी धरलेलं काहीतरी त्या खोलीत हळूच खाली बसलं. आवाज झाला नाही. आणि त्या जागी दुसरंच काहीतरी उभं राहिलं, जे कौतुकासारखं नव्हतं, पण त्यात हात घालून काम करता आलं असतं.

“माझा इथला पुढचा दात शेजारच्यावर थोडा चढलेला होता,” बाई बोटानं दाखवत म्हणाल्या. “फोटोवाले तो पुसून काढायचे. पण माझी जीभ त्यालाच टेकून ‘स’ म्हणायची. सुळे घासून बोथट झालेले. मी रात्री दात खाते, आई म्हणायची. हे सगळं मला परत दे, बाळा. सुंदर नको देऊस.”

मग सकाळभर तेच चाललं. लेओन्तिना मेण खरवडी, दात तिरका करी, डॉक्टर कवळी बसवत, बाई बोलत. त्यांनी एक जुनं नाटक निवडलं होतं, दीपगृहवाल्याच्या विधवेचं. तिसऱ्या अंकात ती खडकावर उभी राहून समुद्राशी बोलते. “सांग, समुद्रा, साऱ्या सांजा तुला सारख्याच असतात का?” एवढंच वाक्य, पुन्हा पुन्हा. आधी शिट्टी वाजली. मग ‘स’चा ‘श’ झाला. मग ‘स’ आला पण ‘सांजा’शी अडखळला. खिडकीबाहेरचं बर्फ जाड होत गेलं, ट्रामचा आवाजही येईनासा झाला, आणि त्या लहानशा खोलीत, औषधांच्या वासात, ती विधवा खडकावर उभी राहून एकच प्रश्न विचारत राहिली. लेओन्तिनाला वाटलं, आपण कुठंतरी फार दूर, पाण्याच्या कडेला बसलोय आणि हातातलं मेण हे मेण नाही.

मधे डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, “तू येतेस का गं नाटकाला?”

“कधीमधी,” लेओन्तिना पट्टीआडून म्हणाली.

“खालचे लोक मला दिसतात. पहिल्या रांगा. पण मी बोलते वरच्यांशी. चेहरे काही दिसत नाहीत तिथले, पण ऐकू येतात. एक बाई आहे, सारखं नाक शिंकरते. विनोदी नाटकातसुद्धा रडते.” त्या हसल्या, हसताना तोंडावर हात गेला आणि मग त्यांनी तो मुद्दाम खाली घेतला. “आणि एक गृहस्थ आहेत. माझं मोठं बोलणं सुरू व्हायच्या आधी ते एकदा खोकून घेतात. आधीच, म्हणजे मधे यायला नको. किती वर्षं झाली. आता मी त्यासाठी थांबते. तो खोकला आला की समजते, वर सगळे तयार आहेत.”

लेओन्तिना सुरी हातात घेऊन वाट पाहत राहिली. पण बाई तिथंच थांबल्या. साबिना झाली, स्पिरूकाका झाले; तिसऱ्या कुणाबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. लेओन्तिनानं नाट्यगृहात कधी खोकला काढला नव्हता, नाक शिंकरलं नव्हतं, टाळ्यासुद्धा ती हातमोजे न काढता वाजवायची. तिनं मान खाली घातली आणि त्या चढलेल्या दाताच्या मागचं मेण अगदी थोडं, नखाएवढं, आणखी काढलं.

“आता म्हणा,” ती म्हणाली.

“सांग, समुद्रा,” बाई म्हणाल्या आणि दचकून गप्प झाल्या. मग पुढचं वाक्य सावकाश, चाखून पाहावं तसं म्हणाल्या. हात धुऊन आलेले डॉक्टर टॉवेल घेऊन दारातच थांबले होते.

स्पिरूकाका त्या हिवाळ्यात अंथरुणाला लागले होते. छातीत पाणी झालं होतं. बंदराजवळच्या त्यांच्या एका खोलीच्या घरात साबिना आणि लेओन्तिना आलटून पालटून जायच्या, आंबट सूप गरम करून द्यायच्या, शेगडीत लाकूड सरकवायच्या. त्या शनिवारी लेओन्तिनाची पाळी होती.

“काय गं, आल्या का अथेन्सहून?” काकांनी उशीवरूनच विचारलं.

“येतायत म्हणे. मार्चमध्ये खेळ लावलाय.”

“बरं झालं.” ते छताकडे बघत राहिले. “मला काही आता तो जिना चढवत नाही.”

लेओन्तिनानं त्यांना चेरीचा मुरंबा चमच्यानं भरवला, वर पाण्याचा पेला दिला. बुधवारपासून एक गोष्ट ती मनात घेऊन फिरत होती. सांगावी तर डॉक्टरांना दिलेला शब्द मोडतो. न सांगावी तर या माणसाजवळ फार दिवस उरलेले नव्हते, हे तिलाही दिसत होतं. तिनं दोनदा शेगडी ढवळली, जिची गरज नव्हती.

“काका, एक सांगते. पण कुठं कळलं ते विचारायचं नाही.”

“मी नदीवरचा माणूस. जिथं खोली कळत नाही तिथून बाजूनं जातो.”

“बाईंना तुमचा खोकला ठाऊक आहे. मोठ्या भाषणाच्या आधीचा. त्या त्याची वाट बघतात. तो आला की मगच सुरू करतात.”

काकांचा हात रजईवरून इकडेतिकडे फिरला, काहीतरी सापडत नसल्यासारखा.

“माझा खोकला?” ते शेवटी म्हणाले. “अगं, मला त्याची लाज वाटायची. एकदा दोन रविवार मी त्यापायी आलोच नाही. तुम्हाला सांगितलं, पाय दुखतोय.” मग अगदी साध्या आवाजात, “दात लागले का त्यांना नीट?”

लेओन्तिनाच्या हातातला चमचा पेल्यावर आपटला. “मी काही बोलले नाही हं.”

“तू कशाला बोलशील. गेल्या हिवाळ्यापासून बाई उजव्या बाजूनं हसत नव्हत्या. मला दिसतं गं. जहाजाचा काठ पाण्यात किती बसलाय ते लांबून बघणारा मी. आणि साबिनालाही दिसलं.”

“साबिनाला?”

“मग अथेन्सची बहीण जन्माला कुणी घातली असं वाटतं तुला? बाईंना बहीणच नाही.” ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकता खोकता पुन्हा हसले. “बिचारी रोज त्या खिडकीत बसून त्या बहिणीला नवं दुखणं लावते. परवा म्हणे तिला काविळीनं घेरलंय.”

मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारीच खेळ लावला होता, संध्याकाळी रोज वीज जायची त्याच्या आत संपावा म्हणून. नाट्यगृहात शेगड्या नव्हत्या. लोक कोट आणि टोप्या घालून बसले होते आणि सबंध प्रेक्षागृहावर श्वासांचं एक पातळ धुकं तरंगत होतं. वरच्या मजल्यावर साबिना आणि लेओन्तिना यांच्या मधली खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. तिच्यावर साबिनाची पिशवी होती.

बाई आल्या तेव्हा टाळ्या पडल्या, मग एकदम थांबल्या. गाव ऐकायला आलं होतं. काही जण तर त्या चुकतात का हे ऐकायला आले होते, आणि ते त्यांच्या पुढे झुकण्यावरून कळत होतं. बाई खिडकीशी गेल्या, दिवा उचलला आणि पहिलं वाक्य बोलल्या. ते वरपर्यंत आलं. पूर्वीसारखं चकचकीत नव्हतं. त्यात आता थोडी रेती होती, तळाशी काहीतरी घासत होतं, पण प्रत्येक अक्षर आपल्या जागी उभं होतं. दुसऱ्या प्रवेशात त्या हसल्या, तोंड उघडून, आणि खालच्या दिव्यांच्या उजेडात त्यांचे दात दिसले: थोडे पिवळट, एक जण शेजाऱ्यावर चढलेला, चौसष्ट वर्षं जगलेले. साबिनानं नाक शिंकरलं.

तिसरा अंक आला. बाई खडकावर चढल्या, शाल खांद्यावर घेतली आणि थांबल्या.

त्या थांबूनच राहिल्या. खालून प्रॉम्प्टरची कुजबुज ऐकू आली, “सांग, समुद्रा…” बाई हलल्या नाहीत. त्यांची नजर वर होती, अंधारात. कुजबुज पुन्हा आली. पहिल्या रांगांमध्ये कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाला लागलं. कुणाची तरी खुर्ची करकरली. साबिनानं लेओन्तिनाचा हात घट्ट धरला. “विसरल्या गं,” ती पुटपुटली, “देवा, विसरल्या.”

लेओन्तिनाला ठाऊक होतं, त्या विसरल्या नाहीत. पण इतक्या वर्षांत इथं तिनं श्वाससुद्धा जपून घेतला होता. तिनं हातमोजा तोंडाजवळ नेला, मग खाली घेतला, आणि खोकली. अवघडलेला, खोटा, बायकी खोकला. तो त्या थंड नाट्यगृहात अगदी एकटा वाजला. दोन रांगा पुढच्या माणसानं मान वळवून रागानं पाहिलं.

खडकावर बाईंचे खांदे किंचित खाली आले.

“सांग, समुद्रा,” त्या म्हणाल्या.

नंतर मागच्या दाराशी साबिनानं हिमफुलांची जुडी पुढे केली. बाईंनी ती कोटाच्या आत सरकवली, “आलात का, मंडळी,” म्हणाल्या, साबिनाच्या गालावर हात ठेवला, लेओन्तिनाकडे पाहून मान हलवली, जशी नेहमी हलवत, आणि काठी टेकत ट्रामच्या थांब्याकडे गेल्या. ओळख पटल्याचं काही दिसलं नाही. लेओन्तिनाला त्याचं बरं वाटलं आणि थोडं वाईटही, पण बरं जास्त.

तिथून दोघी थेट स्पिरूकाकांकडे गेल्या. काका उशीला टेकून बसले होते, त्यांनी दाढी करून घेतली होती. साबिनानं कोटही न काढता सगळं नाटक करून दाखवलं. टेबल म्हणजे खडक, टेबलावरचं कापड म्हणजे शाल. तिसऱ्या अंकाशी येऊन ती कमरेवर हात ठेवून थांबली.

“काका, चला. तुमच्यावाचून अडलंय.”

काका लाजले. मग खोकले. साबिना सुरू झाली, मध्येच शब्द विसरली, लेओन्तिनानं पुरवले, आणि तिघंही इतकी हसली की शेजारीण भिंतीवर थापा मारू लागली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, लिंडनची झाडं फुलली तेव्हा काका गेले. बाईंनी त्यानंतर आणखी दोन हंगाम काम केलं आणि एका वसंतात, निरोपाचा समारंभ वगैरे काही न करता, त्यांचं नाव फलकावर पुन्हा आलं नाही. या वेळी कुणी काही बोललं नाही. साबिनाची बदली झाली, ती मुलीकडे गालात्सला गेली. लेओन्तिना काही रविवार एकटी वर जाऊन बसली, मग तिचंही जाणं कमी होत गेलं. नव्या नट्या चांगल्या होत्या. तिला त्यांचे दात दिसायचे.

एका जानेवारीत सकाळी मासळीच्या दुकानापुढे रांग लागली होती. कार्प येणार असं कुणीतरी म्हटलं होतं; गाडी अजून आली नव्हती. लेओन्तिना पिशवी काखेत धरून, नाक मफलरमध्ये घालून उभी होती. बर्फ पडत होतं, सावकाश, वारा नसताना पडतं तसं.

“शेवटचं कोण?” मागून आवाज आला.

“मी,” लेओन्तिना म्हणाली आणि वळली नाही.

पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं मात्र वळून लेओन्तिनाच्या मागे पाहिलं आणि टोपी काढली. “बाई, तुम्ही पुढे या. तुम्ही कशाला उभ्या राहता?”

“का बरं? मला काय मासा वेगळा देणार आहेत?” बाई म्हणाल्या. दोघं-तिघं हसले. मग त्यांच्यामागे येऊन उभी राहिलेली एक तरुण बाई त्यांना विचारू लागली की कार्पला चिखलाचा वास येतो त्याचं काय करायचं, आणि बाई सांगू लागल्या. आधी मीठ सोडलेल्या पाण्यात ठेवायचा. मग व्हिनेगर. सोललेला लसूण सढळ हातानं. सासूबाई असतील तर त्यांना सांगायचं नाही, त्या म्हणतील आम्ही असं करत नव्हतो. त्या रमून बोलत होत्या, आणि रांगेतलं बोलणं आपोआप कमी होत गेलं. पुढची माणसं अर्धवट मान वळवून उभी राहिली, एकमेकांकडे न बघता. मासा कसा धुवायचा हे त्यांतल्या प्रत्येकाला येत होतं.

लेओन्तिनानं डोळे मिटले. ‘सोललेला’ म्हणताना बारीकशी शिट्टी वाजली. कवळी सैल झाली होती. हिरड्या आटतात, या वयात आटणारच. आतून एक पातळ थर दिला असता की पुन्हा घट्ट बसली असती. पण बाईंना त्याची फिकीर दिसत नव्हती. त्या मोकळ्या हसत होत्या, तोंडावर हात न नेता, आणि शिट्टी वाजली तर वाजू देत होत्या. लेओन्तिना वळली नाही.

कोपऱ्यावरून गाडीचा भोंगा ऐकू आला. लोकांनी पिशव्या सरळ केल्या, पाय आपटून बर्फ झाडलं. रांग पुढे सरकली. लेओन्तिनानंही पाऊल उचललं, पण अगदी लहानसं.